चिपळूण–कराड, व्हाया अण्णांचं पोट

अण्णांचा उजवा हात डाव्यापेक्षा काळा आहे. एसटीच्या ड्रायव्हरच्या खिडकीत एकतीस वर्षं ऊन खाल्लेला हात. निवृत्त होऊन अठरा वर्षं झाली, तरी रंग उतरलेला नाही. हे मला लहानपणापासून माहीत होतं. त्यांचं पोट मात्र इतकं गोरं असेल हे मला वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, गेल्या जूनमध्ये कळलं. आमच्याकडे बापाला हात लावायचा तो पायाला, आणि तोही दसऱ्या-पाडव्याला.

आता रोज सकाळी साडेसहाला मी त्या पोटाला तेल लावतो.

हे लिहावं की नाही यावर महिनाभर विचार केला. 'मलावरोध' हा शब्द पुस्तकात शोभतो, घरात तो कुणी वापरत नाही. घरात 'साफ होत नाही' म्हणतात, 'खडा धरलाय' म्हणतात. आई तर काहीच म्हणत नाही, संडासाच्या दारातून बाहेर येऊन नुसती मान हलवते. ज्यांच्या घरात पार्किन्सन्सचा, म्हणजे कंपवाताचा, माणूस आहे त्यांना विचारा, हाताच्या थरथरीपेक्षा या मान हलवण्याची धास्ती जास्त असते. म्हणून लिहितोय. मी ज्युनियर कॉलेजात केमिस्ट्री शिकवतो, डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो.

अण्णांचं निदान २०१८ साली झालं. पहिल्या भेटीत मेंदूच्या डॉक्टरांनी हात-पाय बघितले, चालायला लावलं, आणि मग विचारलं, "पोट साफ न होण्याचा त्रास कधीपासून आहे?" आम्हाला वाटलं, दुसऱ्या पेशंटचा प्रश्न चुकून आम्हाला आला. आई म्हणाली, "त्यो तर नोकरीपास्नं हाय की."

आणि ते खरंच होतं. कराड डेपोचा ड्रायव्हर म्हणजे पहाटे साडेचारला उठून ड्यूटी. घरून निघताना लागलेली नसायची, आणि लागायची तेव्हा गाडी घाटात असायची. मागे पन्नास माणसं. दाबून धरायची. चिपळूणला पोचल्यावर स्टँडवरच्या संडासाकडे बघूनच इच्छा मरायची. जेवण मिळेल तिथं, मिळेल तेव्हा. वर चहावर चहा. तीस वर्षं शरीराला 'थांब' म्हणून सांगितलं, तर ते शेवटी विचारायचंच सोडून देतं.

पण डॉक्टरांनी दुसरी गोष्ट सांगितली. पार्किन्सन्सच्या पुष्कळ पेशंटमध्ये पोटाची तक्रार थरथर सुरू होण्याच्या कितीतरी वर्षं आधी सुरू झालेली असते. आतड्याच्या भिंतीत मज्जातंतूंचं स्वतंत्र जाळं असतं आणि या आजारात तेही मंदावतं. ज्या इंग्रज डॉक्टरच्या नावानं हा आजार ओळखला जातो, त्या जेम्स पार्किन्सननं १८१७ सालच्या आपल्या छोट्या पुस्तिकेतही पेशंटच्या सुस्तावलेल्या आतड्यांची नोंद केली होती. आता अण्णांच्या बाबतीत त्यातलं एसटीचं किती आणि आजाराचं किती, हा हिशेब कुणालाच लागणार नाही.

गेल्या वर्षीच्या मे महिन्यात नऊ दिवस झाले. नऊ. इसबगोल चालू होतं, एरंडेल झालं, मनुका झाल्या, कोमट पाण्यात तूप झालं. इथं एक केमिस्ट्रीवाल्याची सूचना: इसबगोल पाणी शोषून फुगतं आणि त्यावरच त्याचं सगळं काम अवलंबून असतं. माणूस दिवसाला दोन-तीन पेलेच पाणी पीत असेल तर त्याचाच बोळा होऊन बसतो. अण्णा पाणी पीत नव्हते, कारण पाणी प्यायलं की लघवीला उठावं लागतं आणि उठताना कुणाचा तरी हात धरावा लागतो. हे त्यांनी आम्हाला सांगितलं नाही. त्या रात्री दवाखान्यात जे करावं लागलं ते मी लिहीत नाही. तीन नर्सेस, एक वॉर्डबॉय, पडदा अर्धवट ओढलेला. अण्णा भिंतीकडे तोंड करून पडले होते आणि त्यांचा उजवा हात, तोच काळा हात, कॉटच्या दांडीला घट्ट धरलेला होता. घरी आल्यावर दोन दिवस ते कुणाशी बोलले नाहीत.

त्यानंतर औषधं बदलली. आता रात्री एक पावडर असते, पॉलिएथिलीन ग्लायकॉल. पाण्याला धरून ठेवणारा लांबलचक रेणू. तो आतड्यात शोषला जात नाही, पाणी घेऊन तसाच पुढं जातो आणि मल मऊ ठेवतो. हे वाचून मला बरं वाटलं, निदान एक औषध तरी मला कळलं. पण मऊ झालेलं पुढं ढकलायचं कुणी? त्यावर डॉक्टर म्हणाले, "फिजिओथेरपिस्टला पोटाचा मसाज शिकवायला सांगतो. घरच्या घरी करा."

मी तेव्हा मनात हसलो. पोट चोळणं म्हणजे आजीची कामं.

पण शिकवायच्या आधी डॉक्टरांनी जी चौकशी केली तिनं माझं हसू थांबलं. पोटावर शस्त्रक्रिया? २००४ साली हर्नियाचं ऑपरेशन झालेलं, ती जागा त्यांनी खोकायला लावून तपासली. विडी? पंचवीस वर्षं ओढली. मग सोनोग्राफी. विडी-सिगारेट ओढलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या पोटातली मुख्य रक्तवाहिनी कधीकधी फुग्यासारखी फुगलेली असते आणि त्याला पत्ताही नसतो. अशा पोटाला दाब द्यायचा नसतो. अण्णांची रक्तवाहिनी ठीक निघाली. शिवाय शौचातून रक्त, अचानक घटलेलं वजन, उलट्या, ताप, असं काही आहे का हेही विचारून घेतलं. तेव्हा कुठं परवानगी मिळाली.

फिजिओथेरपिस्ट म्हणून स्कूटीवरून जी मुलगी आली ती माझीच विद्यार्थिनी निघाली. बारावीला केमिस्ट्रीत काठावर पास झालेली. तिनं अण्णांना "आजोबा, पोट बघू का?" असं विचारलं, आणि अण्णांनी, ज्यांनी सुनेला कधी पाठीला तेल लावू दिलं नाही त्यांनी, बंडी वर केली. मग ती माझ्याकडे वळून म्हणाली, "सर, तुम्ही इकडं या. आजोबांच्या उजव्या अंगाला उभे राहा. हात गरम आहेत का?"

नव्हते. तिनं मला गरम पाण्यात हात बुडवून यायला सांगितलं.

मोठं आतडं साधारण दीड मीटर लांब असतं आणि पोटाच्या कडेकडेनं चौकटीसारखं फिरलेलं असतं. उजवीकडे खाली, अपेंडिक्सच्या जागेजवळ सुरू होतं, उजव्या बाजूनं फासळ्यांपर्यंत चढतं, मग आडवं होऊन डावीकडे जातं, डाव्या बाजूनं उतरतं आणि शेवटी एक वळसा घेऊन गुदाशयाला मिळतं. मसाज त्याच वाटेनं करायचा, घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं. पोटावर तोंड वर करून घड्याळ ठेवलंय असं समजायचं.

एवढं सोपं. आणि मी पहिले तीन दिवस उलटं केलं.

कारण मी घरी सराव केला तो स्वतःच्या पोटावर, बाथरूमच्या आरशात बघून. आरशात घड्याळाच्या दिशेनं दिसेल असा हात फिरवला, म्हणजे प्रत्यक्षात उलटा. मग तीच सवय अण्णांच्या पोटावर गेली. डावा-उजवा हात, आरशातली प्रतिमा, एकावर एक न बसणारे रेणू, म्हणजे कायरॅलिटी, हे दरवर्षी दोन तास फळ्यावर काढून शिकवणारा मी! चौथ्या दिवशी ती आली, दोन मिनिटं बघत उभी राहिली आणि म्हणाली, "सर, कायरॅलिटी." बारावीचा सगळा हिशेब तिनं तिथं चुकता केला.

उलटं केल्यानं काही बिघडलं नव्हतं, फायदाही झाला नव्हता. पण माझी चूक कायमची सुधारली ती तिच्यामुळं नाही, अण्णांमुळं. मी कागदावर आतड्याचं चित्र काढून त्यांच्या उशाशी लावलं होतं, स्वतःला दिशा कळावी म्हणून. त्यांनी ते बराच वेळ बघितलं. आता त्यांचा आवाज इतका बारीक झालाय की कान तोंडाशी न्यावा लागतो. म्हणाले, "ही चिपळूणची गाडी हाय."

मला कळेना. मग त्यांनी थरथरतं बोट चित्रावर ठेवलं. उजवीकडचा खालचा कोपरा म्हणजे चिपळूण स्टँड. तिथून वर चढलं की पोफळी आणि कुंभार्ली घाट. फासळ्यांखालचं वळण म्हणजे घाटमाथा. मग आडवा रस्ता, कोयनानगर, पाटण. डावीकडे उतरलं की मल्हारपेठ. आणि शेवटी कराड डेपो. "डेपोत गाडी लागली की सुटलो," म्हणाले.

तेव्हापासून आमच्या घरात आतड्याला दुसरी नावं नाहीत. "आज पाटणला लय गर्दी हाय," म्हणजे मधोमध गॅस धरलाय. "घाट चढली का रं?" म्हणजे उजवी बाजू झाली का. आईसुद्धा आता चहा टाकताना आतून विचारते, "मल्हारपेठ सोडलं का?"

प्रत्यक्षात काय करतो ते सांगतो. उठल्यावर अर्धा पेला कोमट पाणी आणि त्याबरोबर कंपवाताची गोळी. ती रिकाम्या पोटी द्यायची असते. मग थोड्या वेळानं मसाज. पाठीवर झोपवायचं, गुडघ्यांखाली लोड, म्हणजे पोटाचे स्नायू सैल पडतात. तिळाचं तेल वाटीत घेऊन वाटी गरम पाण्यात ठेवायची. तेल कुठलंही चालतं, त्याचं काम हात सरकवण्याचं. तेलानं आतडी 'वंगण' होतात वगैरे कुणी सांगितलं तर ऐकून सोडून द्या. पहिलं मिनिटभर काहीच करायचं नाही, नुसता तळवा बेंबीवर ठेवायचा. सुरुवातीला मला हे मिनिट सर्वांत अवघड गेलं. चोळणं हे काम आहे, काम करता येतं. बापाच्या पोटावर नुसता हात ठेवून उभं राहायचं म्हणजे कुठं बघायचं हेच कळत नव्हतं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायचो.

नंतर डाव्या बाजूनं फासळीपासून खाली जांघेपर्यंत सरळ हात, दहा वेळा. म्हणजे आधी मल्हारपेठ ते कराड रस्ता मोकळा करायचा, मग मागची गाडी सोडायची. नंतर आडवा पट्टा धरून डावीकडे आणि खाली. शेवटी पूर्ण फेरी, उजवीकडून वर, आडवं, डावीकडून खाली. फिजिओवाले याला इंग्रजी अक्षरांवरून आय, एल, यू म्हणतात. 'आय लव्ह यू' असं लक्षात ठेवायचं म्हणे. तिनं हे सांगितलं तेव्हा मी आणि अण्णा दोघंही एकाच वेळी दुसरीकडे बघायला लागलो. आम्हाला चिपळूणची गाडी बरी.

मग एका हातावर दुसरा हात ठेवून, बोटांच्या टोकांनी नाही तर सपाट बोटांनी, त्याच वाटेवर लहान लहान गोल. दाब किती? कणीक मळताना देतो त्याच्यापेक्षा पुष्कळ कमी, अंगाला साबण लावताना देतो त्याच्यापेक्षा जास्त. दुखलं तर थांबायचं. अण्णा दुखलं तरी सांगत नाहीत, म्हणून मी त्यांच्या कपाळाकडे बघतो. सगळं मिळून बारा-पंधरा मिनिटं. जेवण झाल्यावर लगेच कधीच नाही.

त्यानंतर थोडा चहा आणि सरळ कमोड. हीसुद्धा अर्धी गोष्ट आहे. पोटात गरम काही गेलं की मोठं आतडं आपोआप हालचाल करतं. सकाळच्या चहानंतर पळावं लागतं ते त्यामुळंच. ती वेळ चुकवायची नाही. आणि पायांखाली पाट. उकिडवं बसल्यावर गुदाशयाचा कोन जसा सरळ होतो तसा कमोडवर होत नाही. अण्णांना आता उकिडवं बसता येत नाही, पण पायांखाली पाट दिला की गुडघे कमरेच्या वर येतात आणि निम्मं काम होतं. आमच्याकडे हा पाट देवघरासमोरचा जुना पाट आहे. आईनं तीन दिवस अबोला धरला, मग नवीन पाट आणला. देवासाठी.

आता वही. मी मास्तर, त्यामुळं वही आलीच. तारीख, मसाज केला की नाही, पाणी किती पेले, झाली की नाही, आणि कशी झाली. शेवटच्या रकान्यासाठी ब्रिस्टल तक्ता वापरतो. मलाचे एक ते सात प्रकार, एक म्हणजे शेळीच्या लेंड्या आणि सात म्हणजे नुसतं पाणी. तीन-चारला आलं की घरात सणासारखं वातावरण असतं. अण्णा या वहीला लॉगशीट म्हणतात.

लॉगशीट सांगतं ते असं. मसाजाआधीच्या महिन्यात, नवीन पावडर सुरू असतानाही, चार-पाच दिवसांतून एकदा, आणि तीन वेळा एनिमा. मसाज सुरू केल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत काही फरक नाही. मी वैतागलो होतो. तिसऱ्या आठवड्यापासून अंतर कमी व्हायला लागलं. आता साधारण दोन दिवसांतून एकदा होतं आणि गेल्या दिवाळीपासून एनिमा एकदाच लागला. पावडर मात्र सुटली नाही. डोसही तोच.

माझ्यातला मास्तर लगेच विचारतो, हे मसाजामुळं की पाट, पाणी आणि वेळेमुळं? सगळं एकदमच सुरू केलं, कुठला घटक कशासाठी कारणीभूत हे वेगळं काढता येत नाही. वर्गात कुणी असा प्रयोग लिहून आणला असता तर मी गुण कापले असते. म्हणून रात्री बसून शोधलं. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका स्वीडिश अभ्यासात बद्धकोष्ठ असलेल्या ६० लोकांचे दोन गट केले होते. मसाजवाल्यांची पोटदुखी आणि त्रास कमी झाला, शौचाला होण्याचं प्रमाण वाढलं, पण रेचकं कमी झाली नाहीत. अगदी आमच्या लॉगशीटसारखं. खास पार्किन्सन्सच्या पेशंटवर ब्रिटनमध्ये ३२ जणांचा एक लहान अभ्यास झाला, तो २०१६ साली आला. त्यात मसाजवाले सुधारले, आणि ज्यांना नुसता आहार-पाण्याचा सल्ला दिला तेही सुधारले. मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजाराच्या १९१ जणांवरचा मोठा अभ्यास २०१८ साली आला. त्यात मुख्य मोजमापात फरक पडलाच नाही, फक्त आठवड्यातल्या खेपा थोड्या वाढल्या. म्हणजे जादू नाही. धोका कमी, खर्च तेलाचा, फायदा थोडा पण खरा असण्याची शक्यता बरी, असं मी माझ्यापुरतं समजतो. युट्यूबवर 'पोट चोळा, चरबी वितळवा', 'पोटातले विषारी घटक बाहेर काढा' म्हणणारे जे आहेत त्यांच्या पोटात काय आहे ते त्यांनाच ठाऊक. चोळून चरबी वितळत असती तर कणीक मळणाऱ्या बायकांचे हात काड्यांसारखे झाले असते.

आमच्या डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे एक फायदा मात्र असा आहे जो मी अपेक्षिलाच नव्हता. अण्णांची गोळी लहान आतड्यात शोषली जाते. पचनाची सगळी वाहतूक तुंबली की गोळी उशिरा लागते, कधी लागतच नाही. पोट धरलेल्या दिवसांत अण्णा सकाळी दहापर्यंत खुर्चीतून उठू शकत नसत. "इंजान थंड हाय," म्हणायचे. मोकळं झालेल्या दिवशी नऊ वाजता स्वतःच्या हातानं दाढी करतात. दाढीचा रकाना मी वहीत नंतर वाढवला.

आता आजीची कामं म्हणून मी हसलो होतो, त्याबद्दल. आमच्या गल्लीत एक म्हातारी होती, बेंबी बसवायची. पोटात दुखलं, जुलाब लागले, जड उचललं, काहीही झालं की बेंबी सरकली. अंगठा बेंबीवर दाबून ठोका बघायची. ठोका मधोमध नसला, वर किंवा बाजूला लागला, की सरकली. मग तेल लावून चोळत ठोका जागेवर आणायची. नाहीच आला तर बेंबीवर पेटता दिवा ठेवून वर तांब्या उपडा घालायची. तांब्यातली हवा तापून विरळ व्हायची, दिवा विझून ती थंड झाली की तांब्या कातडीला चिकटून बसायचा आणि पोट आत ओढलं जायचं. आम्ही पोरं टाळ्या वाजवायचो. तो ठोका म्हणजे पाठीच्या कण्यासमोरून जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीचा, हे मला पुढं कळलं. ती कुठं सरकत नाही. पण तिच्या हातानं बरं वाटायचं हेही खोटं नाही. मला स्वतःला वाटलंय. गॅस धरलेल्या पोराच्या पोटावर गरम तेलाचा हात दहा मिनिटं फिरला, की गॅस सुटणारच.

आणि त्याच हातापायी माझा चुलतभाऊ मरायला टेकला होता. तेरा वर्षांचा होता. बेंबीभोवती दुखायला लागलं, मग दुखणं उजवीकडे खाली सरकलं, ताप आला. बेंबी सरकली म्हणून सकाळ-संध्याकाळ चोळलं, वर एरंडेल पाजलं. दुसऱ्या रात्री अपेंडिक्स फुटलं. पोट लाकडासारखं झालं होतं. अण्णांनीच कुणाची तरी जीप मागून त्याला दवाखान्यात नेलं. तो आज पुण्यात आहे, पोटावर विळ्याएवढा व्रण घेऊन. म्हणून मसाज कसा करावा हे सांगणाऱ्यानं कधी करू नये हे आधी सांगावं असं मला वाटतं. नवीन आणि वाढत जाणारं दुखणं, ताप, उलट्या, कडक झालेलं पोट, गरोदरपण, ताजी शस्त्रक्रिया, हर्निया असं काही असेल तर हात लावायचा नाही, गाडी काढायची. जुने लोकही वाटतात तितके बेफिकीर नव्हते. वाग्भटानं अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या ग्रंथात रोज अभ्यंग करा म्हटलं, पण अजीर्ण झालेल्यानं करू नये असंही लगेच पुढं म्हटलंय. विशेष करून तेल लावायच्या जागा त्यानं सांगितल्या त्या डोकं, कान आणि पाय. पोटाचं नाव त्या यादीत नाही.

अण्णांचे डेपोतले एक जुने मित्र दर महिन्याला येतात आणि नौली, म्हणजे पोटाचे स्नायू आतून फिरवायची योगक्रिया, करा म्हणून सांगतात. त्यांचंही बरोबर आहे. लोणावळ्याच्या कैवल्यधाम या योगसंस्थेत स्वामी कुवलयानंदांनी शंभर वर्षांपूर्वी एक्स-रे आणि दाबमापक लावून नौलीत आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो हे मोजून दाखवलं होतं. आतून केलेला मसाजच तो. पण ज्याला कुशीवर वळायला दोन माणसं लागतात तो नौली कशी करणार? मित्र म्हणतात, "प्रयत्न तर करा." अण्णा त्यांच्याकडे बघून डोळे मिटतात. पार्किन्सन्समध्ये चेहऱ्यावर भाव उमटत नाहीत म्हणतात. मला या बाबतीत शंका आहे.

डिसेंबरात एक दिवस मी घाटापर्यंत आलो असेन, अण्णा अचानक बोलायला लागले. पाठीवर पडलेले, डोळे छताला. पावसाळ्यात एकदा कुंभार्लीत दरड कोसळली होती. पुढं दरड, मागं दरड, मधे यांची गाडी, अख्खी रात्र. प्रवाशांत एक म्हातारी होती, चिपळूणहून लेकीकडे दोन फणस घेऊन निघालेली. रात्री पोरं रडायला लागली तेव्हा तिनं फणस फोडले. कंडक्टरच्या तिकिटाच्या पेटीला तेल लावून त्यावर गरे ठेवले आणि सगळ्या गाडीनं खाल्ले. मी सत्तेचाळीस वर्षांत ही गोष्ट ऐकली नव्हती. आईनंही नाही. ती चहाचं भांडं हातात घेऊन दारात उभी होती.

"मग?" मी विचारलं.

"मग काय," अण्णा म्हणाले, "सकाळी समद्यांची पोटं साफ. रस्ता सोडून समदं मोकळं."

ते हसले की नाही ते चेहऱ्यावरून कळलं नाही. पोट हललं. माझा हात पोटावरच होता.

फेब्रुवारीत बोर्डाच्या परीक्षेला मला चार दिवस बाहेरगावी जावं लागलं. आधी बायकोला शिकवायला बघितलं, पण अण्णांनी मान फिरवली. मग फिजिओच्या मुलीनं तोड काढली, आजोबांचा हात आजोबांच्या पोटावर. डावा हात त्यांचा जास्त थरथरतो, तो खाली, उजवा वर. परत आलो तेव्हा ते एकटेच पडल्या पडल्या फेरी मारत होते. हळू, पहिल्या गिअरमध्ये, आणि दिशा बरोबर. हात पोटावर दाबला की थरथर जरा कमी दिसत होती.

रोज होतं असं नाही. आजचंच सांगतो. पाणी प्यायले, गोळी झाली, घाट चढलो, पाटण सोडलं, तेल संपलं, चहा झाला, पाट दिला. वीस मिनिटं बसले. आई बाहेर आली आणि तिनं मान हलवली.

मी वही घेतली. अण्णा पलंगावर टेकून बघत होते. ओठ हलले म्हणून कान जवळ नेला.

"क्यान्सल लिवू नगंस," म्हणाले. "लेट लिही."

मी लेट लिहिलं.